वाजलं नाही तरी

“यंत्र ओरडायला लागलं की आधी सिलिंडरकडे जायचं, पेशंटकडे नाही. पेशंटकडे बघत बसलात तर हात चालत नाहीत. आधी सिलिंडर, मग आई. एवढं ध्यानात ठेवा.”

ऑक्सिजनचं यंत्र घरी बसवून देणारा माणूस जाताना दारात चपला सरकवत हे बोलून गेला होता. तीन जिने चढताना धाकटीच्या कानात आत्ताही ते त्याच आवाजात चाललं होतं. तिच्या हातांना पुस्तकं चिकटवायची खळ तशीच होती. कठड्याला हात लावला की बोटं चिकटत, म्हणून ती कठडा न धरताच चढत होती. वरून यंत्राची शिट्टी येत होती, एकसुरी, दम न घेणारी. लाइट गेली होती.

दार लोटून ती थेट कोपऱ्यातल्या सिलिंडरपाशी गेली. चावी फिरवली, यंत्राची नळी उपसून सिलिंडरला जोडली, प्रवाह दाखवणारी काचेतली बारकी गोळी वर उचलली गेली का ते पाहिलं आणि मग यंत्राचं बटण बंद केलं. शिट्टी थांबली. त्यानंतरच तिनं वळून पलंगाकडे बघितलं.

सासूबाई तीन उशांना टेकून बसल्या होत्या. नाकाशी नळी, ओठांचा रंग उतरलेला. त्यांनी चादरीवरचा हात थोडासा उचलून दाखवला. आहे मी, असा त्याचा अर्थ होता. धाकटी पलंगाच्या कडेला टेकली आणि तिच्या लक्षात आलं की आपणही जिन्यापासून श्वास धरूनच ठेवला होता.

खरं तर ती घरातली एकटीच सून म्हणायची. थोरली जाऊ आणि थोरले दीर समुद्रापलीकडे राहत होते, रविवारी फोनच्या पडद्यावर दिसत होते. पण धाकटी म्हणून या घरात आली ती धाकटीच राहिली. नवरा बसवर ड्रायव्हर, सकाळी गेला की संध्याकाळपर्यंत त्याला फोनसुद्धा घेता येत नसे. धाकटीचं पुस्तकं बांधायचं छोटं दुकान होतं, घरासमोरच, रस्ता ओलांडला की. विद्यार्थ्यांचे प्रबंध, कचेऱ्यांच्या वह्या, कुणाच्या आजोबांचा फाटलेला शब्दकोश. दुकानाच्या दारातून मान वर केली की तिसऱ्या मजल्यावरची सासूबाईंची खिडकी दिसायची. ती खिडकी उन्हापावसात उघडी ठेवायची, असा घरातला नेम होता. यंत्र वाजलं तर खाली ऐकू यावं म्हणून.

सिलिंडर लावला की काट्यावर लक्ष ठेवावं लागे. म्हणून लाइट येईपर्यंत तिथंच बसायचं. सासूबाई तोवर बोलत. तुकड्या तुकड्यानं, मध्ये दम घेत, पण बोलत. आज त्या सांगत होत्या की त्या शाळेत शिकवत होत्या तेव्हा एक मुख्याध्यापक होते, ते इतके घाबरट की तपासनीस येणार म्हटलं की त्यांच्या पोटात कळ यायची, आणि मग तपासनीसांना चहा घेऊन सासूबाईंनाच जावं लागायचं. धाकटी हं हं म्हणत होती. तिचं लक्ष काट्यावर होतं. काटा हिरव्या पट्ट्यातून निघून लाल पट्ट्याच्या शेजारी येऊन उभा होता.

“ऐकतेस ना?” सासूबाईंनी विचारलं.

“हो आई. पोटात कळ यायची.”

लाइट आली. यंत्र पुन्हा घरघरायला लागलं. धाकटीनं नळी बदलली आणि खिडकीशी जाऊन सिलिंडरवाल्याला फोन लावला. त्यानं सांगितलं की भरलेले सिलिंडर सगळे दवाखान्यात गेलेत, घरगुती गिऱ्हाइकांना आठवडाभर तरी थांबावं लागेल, आणि वर असंही म्हणाला की, ताई, लाइट काय तुमच्याकडचीच जाते का, सगळ्या गावाची जाते. ते खरंच होतं. महिनाभर वीज कधीही जात होती आणि कधीही येत होती. कारण कुणालाच माहीत नव्हतं.

त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर फोन उभा करून ठेवला आणि थोरल्यांसह बैठक झाली. भाड्याचं घर. घरमालक भिंतीत खिळा मारू देत नव्हता, तिथं इन्व्हर्टरचं वायरिंग कोण करू देणार. थोरल्यांनी सांगितलं की आता पोर्टेबल पॉवर स्टेशनं मिळतात, पेटीसारखी, आत बॅटरी, बाहेर पिना. वायरिंग नाही, धूर नाही, आवाज नाही. मोठ्यातलं मोठं घ्या, पैसे मी पाठवतो. नवरा म्हणाला, मोठ्यातलं मोठं म्हणजे केवढं, तिसऱ्या मजल्यावर कोण चढवणार, आणि उद्या आईला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर गाडीत घालून नेता येईल असं काहीतरी हवं. दोघे भाऊ बराच वेळ बोलत राहिले. आतल्या खोलीत यंत्र घरघरत होतं. सासूबाईंना कुणी काही विचारलं नाही. धाकटीच्याही ते मनात आलं नाही. तिच्या डोळ्यांपुढे तो काटा होता.

दुसऱ्या दिवशी ती बॅटऱ्यांच्या दुकानात गेली. दुकानदार म्हातारा, मिश्कील, कानावर पेन्सिल. त्यानं काउंटरवर एक पेटी ठेवली, वर कडी असलेली, शाळेच्या डब्याहून थोडी मोठी. दुसरी त्यानं उचललीच नाही. जमिनीवर होती ती पायानं दाखवली. तिला चाकं होती. ऑक्सिजनचं यंत्र किती वीज खातं ते त्यानं तिच्याकडून विचारून घेतलं, कानावरची पेन्सिल काढली आणि पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गणित मांडलं. छोटी पेटी जेमतेम तासभर चालेल. मोठी पाच तास, कदाचित जास्तच. छोटीला लाइट गेली की कुणीतरी जाऊन पिन बदलायची. मोठी कायमची भिंतीच्या आणि यंत्राच्या मध्ये राहील, लाइट गेली तर आपली आपण चालू होईल.

“थोडक्यात सांगतो,” तो म्हणाला. “एकीला उचलायला दोन माणसं लागतात, दुसरीला चालवायला एक माणूस लागतं. तुमच्याकडे काय आहे ते बघा.”

तिला ठरवता येईना. छोटी घेतली आणि लाइट तासभरात आली नाही तर. मोठी घेतली आणि ऐनवेळी तिसऱ्या मजल्यावरून खाली आणता आली नाही तर. ती दोन्ही पेट्यांकडे आळीपाळीनं बघत राहिली. दुकानदाराला तिची दया आली असावी. म्हणाला, दोन्ही न्या, आधी एक वापरा मग दुसरी, घरातल्या माणसांशी पटते का बघा, आणि नको ती परत आणा.

छोटी तिनं हातात धरूनच आणली. सासूबाईंनी ती जवळ मागवून घेतली, कडीला बोट लावून पाहिलं आणि तिचं नाव डबा ठेवलं. त्याच दुपारी लाइट गेली. शिट्टी, जिने, सिलिंडर, मग डबा जोडणं. डब्याच्या पडद्यावर शंभर आकडा उमटला आणि लगेच खाली यायला लागला. धाकटी पलंगाच्या कडेला बसून तो आकडा बघत होती. नव्वद. ऐंशी. जिन्यात कुणाची पावलं वाजली तरी तिला दचकायला होत होतं. सासूबाईंना मात्र मजा वाटत होती. मुलांचे निकाल असेच असायचे, त्या म्हणाल्या, पहिल्या चाचणीत नव्वद आणि वार्षिकला काठावर पास. मग त्यांनी त्या मुख्याध्यापकांची राहिलेली गोष्ट पुरी केली. आकडा तिसावर असताना लाइट आली आणि धाकटीनं दूध उतू जाताना गॅस बंद करावा तशी डब्याची पिन ओढली. ती परत दुकानात गेली तेव्हा लावलेली खळ वाळून गेली होती. प्रबंधाचा कणा वाकडा बसला होता. पुन्हा उसवून पुन्हा शिवावं लागलं.

असं चार-पाचदा झालं. एकदा आकडा दहापर्यंत खाली आला. लाल दिवा लुकलुकायला लागला आणि धाकटीनं डोळे मिटून मनातल्या मनात देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली. घरात ऑक्सिजन आल्यापासून तिनं देवापुढचा दिवा लावणं बंद केलं होतं. उघडी ज्योत चालायची नाही असं बजावलेलं होतं. तेव्हापासून नुसते हात जोडायचे. त्या दिवशी तिला ते हात जोडणं पुरेसं वाटेना. तिला काहीतरी पेटवावंसं वाटत होतं आणि तेच करता येत नव्हतं.

त्या रात्री जेवताना ती नवऱ्याला म्हणाली, “मोठी आणू या. माझ्यानं हे होणार नाही.”

मोठी पेटी चढवायला दोन माणसं आली आणि दुसऱ्या मजल्यावर बसून पाणी पिऊन मग वर पोचली. यंत्राची वायर आखूड होती आणि जोडवायर लावायची नाही असं आधीच सांगून ठेवलेलं, म्हणून पेटी पलंगाच्या उशाशी, सासूबाईंच्या डाव्या हाताला बसली. दुकानातला मिस्त्री समजावून सांगत होता. हा पडदा. हे हिरवं बटण, हे दाबलं की पुढचा पुरवठा बंद, परत दाबलं की चालू. एरवी याला हात लावायचा नाही. त्यानं भिंतीतलं बटण बंद करून दाखवलं. यंत्राला पत्ताच लागला नाही. घरघर होती तशी चालू राहिली. धाकटीचे डोळे भरून आले आणि ती पाणी आणण्याच्या निमित्तानं आत गेली.

सासूबाईंनी मोठ्या पेटीचं नाव जावई ठेवलं. येऊन बसला आहे, म्हणाल्या, आता याला ऊठ कोण म्हणणार. नवरा हसला. फोनवर थोरलेही हसले.

त्यानंतरच्या दिवसांत लाइट जात राहिली. खाली दुकानात पंखा थांबायचा, अक्षरं उठवायचं सोनेरी छापाचं यंत्र गार पडायचं. धाकटी हातातलं काम तसंच धरून वर खिडकीकडे कान द्यायची. काही वाजायचं नाही. पहिल्या दिवशी ती तरीही दारापर्यंत गेली आणि उंबऱ्यावर थांबून परत फिरली. दुसऱ्या दिवशी उठलीच नाही. दाभणानं फर्म्यांना, घडी घातलेल्या पानांच्या जुड्यांना, भोकं पाडत राहिली. तिसऱ्या दिवशी कागदाच्या बाजारात जाऊन आली. कित्येक महिन्यांत गेली नव्हती. रंगीत पुठ्ठ्यांचे ताव हातानं चाचपून बघताना तिच्या लक्षात आलं की आपण गुणगुणतोय.

संध्याकाळी घरी आल्यावर सासूबाई विचारत, आज लाइट गेली होती ना. ती म्हणे, हो, दोनदा. सासूबाई म्हणत, पंखा थांबला तेव्हा कळलं मला. आणि मग धाकटी स्वयंपाकाला लागे.

एका दुपारी खिडकीतून शिट्टी आली.

धाकटी दोन फर्मे हातात घेऊन उभी होती. ते कुठं पडले तिला कळलं नाही. जिन्यात तिचा पाय मुरगळला, तरी ती तशीच चढली. सिलिंडर, नळी, गोळी, यंत्राचं बटण. मग तिनं पेटीकडे पाहिलं. लाइट गेलेली होती, पण पेटीत वीज भरलेली होती, पडदा उजळलेला होता. फक्त हिरवं बटण विझलेलं होतं. तिनं ते दाबलं. ते पेटलं. यंत्र सुरू केलं तर ते घरघरायला लागलं, जसं काही झालंच नाही.

सासूबाईंनी तिचा हात हातात घेतला आणि सोडला नाही. तिच्या पायाकडे बघून, बस गं जरा, म्हणाल्या. ती बसली. सासूबाईच तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

दोन दिवसांनी तेच झालं. मग एक दिवस मध्ये सोडून पुन्हा. नवऱ्यानं दुकानदाराला फोनवर नको ते सुनावलं, की माणसाच्या जिवाशी खेळ चालवलाय तुम्ही. दुकानदार स्वतः मिस्त्रीला घेऊन तीन जिने चढून आला. मिस्त्रीनं पेटी बाजूला ओढून झाकण काढलं, मीटर लावलं, अर्धा तास चालू-बंद करून बघितलं. तोपर्यंत सासूबाई नव्यानं भरून आलेल्या सिलिंडरवर होत्या, उशीला टेकून छताकडे बघत. दोष सापडला नाही. पेटी स्वतःहून बंद पडली असती तर पडद्यावर खूण उमटली असती, मिस्त्री म्हणाला, आणि तशी एकही खूण पेटीत साठलेली नव्हती.

दारापर्यंत पोचवायला धाकटी गेली तेव्हा त्यानं आवाज खाली आणला.

“ताई, हे बटण आपोआप बंद होत नाही. कुणीतरी दाबल्याशिवाय नाही.”

दार लावून ती तिथंच उभी राहिली. दुपारी घरात सासूबाईंशिवाय कुणीच नसायचं.

सासूबाईंची काठी पलंगाला टेकवलेली असे, खाली रबराचं टोपण असलेली. पलंगावरून पेटी हाताच्या अंतरावर नव्हती. काठीच्या अंतरावर होती.

त्या दिवसापासून धाकटीची भीती बदलली. लाइट जाण्याची भीती तिच्या ओळखीची झाली होती. तिला कुठून धरायचं ते माहीत होतं. ही नवी भीती तिला नवऱ्यासमोर उच्चारतासुद्धा येईना. भाजी निवडताना तिला सासूबाईंची जुनी वाक्यं आठवत. किती दिवस धावाल तुम्ही माझ्यापायी. माझं झालंय आता सगळं बघून. ही वाक्यं सगळीच म्हातारी माणसं बोलतात असं तेव्हा तिला वाटलं होतं. आता एकेक वाक्य ती उलटंपालटं करून बघत होती. रात्री दोनदा उठून ती त्यांच्या दाराशी उभी राहून यंत्राची घरघर ऐके आणि परत येऊन पडे. काठी लांब ठेवावी असं तिच्या मनात आलं, पण संडासला जाताना त्यांना तीच लागायची. पेटी पलीकडे सरकवावी तर वायर पुरत नव्हती. छोटीच बरी होती, असं ती नवऱ्याला म्हणाली. नवरा म्हणाला, तूच तर म्हणालीस माझ्यानं होणार नाही. 

मग एके दिवशी जेवणानंतर ती दुकानात गेली, दार ओढून घेतलं, आणि थोड्या वेळानं चपला हातात घेऊन जिने चढून परत आली. बाहेरचं दार तिनं इतकं सावकाश लोटलं की तिचं तिलाच चोरासारखं वाटलं. सासूबाईंच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. ती फटीशी उभी राहिली.

पंखा बंद होता. लाइट गेलेली होती. यंत्र चालू होतं. सासूबाई खिडकीकडे बघत बसल्या होत्या. बराच वेळ त्या तशाच बसून होत्या. मग त्यांनी डावीकडे वाकून काठी उचलली, ती आडवी धरली, आणि रबराचं टोक हळूहळू हिरव्या बटणावर नेऊन टेकवलं.  एकदा टोक घसरलं. त्यांनी पुन्हा नेम धरला.

शिट्टी सुरू झाली.

धाकटीचा हात दारावर गेला आणि तिथंच राहिला.  आत सासूबाईंनी काठी जागेवर टेकवून ठेवली. डोक्यावरचे केस दोन्ही हातांनी मागे सारले. शालीची गुंडाळी झाली होती ती उलगडून खांद्यावर नीट घेतली. मग पलंगाच्या कडेला, जिथं धाकटी नेहमी बसायची तिथं, चादरीवरची सुरकुती तळव्यानं सपाट केली, एकदा, दोनदा. आणि दाराकडे तोंड करून बसल्या.

त्या बघत होत्या तिथंच धाकटी उभी होती.

 धाकटी आत आली, वाकून तिनं हिरवं बटण दाबलं आणि शिट्टी थांबली. सिलिंडरकडे ती गेलीच नाही. सपाट केलेल्या जागेवर ती बसली. सासूबाईंची नजर तिच्या हातातल्या चपलांवर गेली आणि तिथंच थांबली.

“मला वाटलं,” धाकटी म्हणाली, आणि तिनं काठीकडे बघितलं.

सासूबाईंना ते कळायला एक क्षण लागला. कळलं तेव्हा त्यांचा चेहरा बदलला.

“नाही गं, वेडे. तसलं काही नाही.” त्या दम घ्यायला थांबल्या. “नाही आलीस तर परत दाबणार होते की मी. बटण तेच आहे. पण परत दाबायची वेळच आली नाही.”

“फोन करायचा, आई. फोन आहे ना उशाशी.”

“काय सांगू फोनवर? यंत्र चालू आहे, दम लागत नाहीये, सगळं ठीक आहे, ये?” त्या थोडं हसल्या आणि हसण्यानं त्यांना खोकला आला. धाकटीनं पाठ चोळली. खोकला ओसरल्यावर त्या खिडकीकडे बघत बोलल्या. “पंखा थांबला की सगळं कसं गप्प होतं. रस्त्यावरचंसुद्धा. नुसतं हे यंत्र आणि मी. मग वाटतं, हे आता थांबलं तर. मला माहीत आहे, थांबत नाही. जावई आहे. पण माहीत असून काय करू. पूर्वी पंखा थांबला की तुझी पावलं वाजायची जिन्यात. मोजायची मी.”

धाकटी चादरीचा काठ बोटांनी दुमडत आणि उलगडत राहिली. कागदाच्या बाजारातला तो दिवस तिला आठवला, ते रंगीत ताव, ते गुणगुणणं. त्या दिवशी लाइट कितीदा गेली होती तिला माहीतही नव्हतं.

“छोटी ठेवा,” सासूबाई म्हणाल्या. “ही परत करा. थोरल्याला मी सांगते.”

 डब्याचा तो खाली येणारा आकडा धाकटीला दिसत होता. लाल दिवा दिसत होता.

“नाही आई. मोठीच राहील. तासाभराच्या भरवशावर मी तुम्हाला ठेवणार नाही, मला ते सोसत नाही.” तिनं त्यांचा हात धरला. “पण लाइट गेली की मी येईन. यंत्र वाजलं नाही तरी.”

“आणि तुझी खळ वाळेल त्याचं?”

“वाळू दे. परत लावता येते.”

सासूबाई तिच्याकडे बघत राहिल्या, शाळेत एखाद्या मुलाच्या सबबीकडे बघत असतील तशा, पारखून. मग त्यांनी काठी उचलली आणि स्वतःच पलंगाच्या पलीकडच्या, उजव्या बाजूला टेकवून ठेवली.

डबा परत द्यायला धाकटी दुकानात गेली तेव्हा दुकानदारानं विचारलं, सापडला का दोष. तिनं सांगितलं, उशी सरकून बटणावर पडत होती, आता उशी बदलली. त्यानं कानावरची पेन्सिल काढली, परत कानावर ठेवली, आणि, उशाच वाईट, एवढंच म्हणाला. घरी नवऱ्यालाही तिनं उशीच सांगितली. थोरल्यांनी रविवारी फोनवर विचारलं, मग, मोठंच घ्यावं लागलं ना शेवटी. सासूबाई म्हणाल्या, हो रे, तू म्हणालास ते खरं, चांगलं आहे.

मंगळवारी एक प्राध्यापक प्रबंधाच्या प्रती न्यायला आले होते. शेवटची प्रत बांधायची राहिली होती आणि ते स्टुलावर बसून घड्याळ बघत होते. धाकटीनं शिवलेल्या फर्म्यांच्या कण्यावर नुकताच खळीचा हात फिरवला होता. आता पुठ्ठा बसवून शिकंज्यात घट्ट आवळायचं, की झालं. तेवढ्यात पंखा थांबला. रस्त्यापलीकडच्या दुकानातला रेडिओ वाक्याच्या मध्येच तुटला.

तिनं मान वर केली. खिडकी उघडी होती. वरून काहीही ऐकू येत नव्हतं.

तिच्या छातीत नेहमीसारखंच धडधडायला लागलं. ते काही थांबायचं नव्हतं, हे तिला आता कळून चुकलं होतं. तिनं ब्रश पाण्यात ठेवला. ओल्या फडक्याला एकेक बोट पुसलं. प्राध्यापकांनी विचारलं की काय झालं, कुणी हाक मारली का.

“नाही,” ती म्हणाली. “कुणी नाही. लाइट गेलीय. मी जाऊन येते.”

एवढं होईतो थांबा ना, खळ लावलीये तुम्ही, असं ते म्हणाले असावेत. ती तोवर उंबरा ओलांडून बाहेर पडली होती. रस्त्याच्या कडेला उभं राहून तिनं दोन्हीकडे पाहिलं, एक सायकलवाला जाऊ दिला, आणि पलीकडे निघाली.